विश्लेषण : गोळी कधी झाडायची नाही, हे सैनिकाला कसे शिकवतात?

सातारा तालुक्यातील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक यांना १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमधील कुपवाडा जिल्ह्यात दहशतवाद्यांशी लढताना वीरमरण आले. ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते आणि ही पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न आहे. जंगलातील त्या चकमकीची बातमी देशभर पोहोचली. पण अशा पलटणीचे वर्षातील बहुतेक दिवस चकमकीविनाच जातात. रस्ता उघडा ठेवायचा, गावातून गस्त घालायची, नाक्यावर वाहने तपासायची, सरपंचाचे म्हणणे ऐकायचे, रात्री-अपरात्री कुणा आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचवायचे, असे त्या दिवसांचे स्वरूप असते. जगभरातील लष्करे या कामाला ‘स्टॅबिलिटी ऑपरेशन्स’ म्हणजे स्थैर्य मोहिमा म्हणतात. साताऱ्या-सांगलीच्या भरतीच्या मैदानावर धावणाऱ्या पोराला या कामासाठी कसे तयार केले जाते आणि ही तयारी कमी पडली तर काय होते, याविषयी…

स्थैर्य मोहीम आणि युद्ध यात फरक काय?

युद्धात शत्रू समोर असतो, त्याच्या अंगावर गणवेश असतो आणि जिंकणे म्हणजे त्याला मागे रेटणे. स्थैर्य मोहिमेत शत्रू गावातच असतो किंवा गावात येऊन जातो. त्याच्या अंगावर इतरांसारखेच कपडे असतात. शंभर घरांतील एका घरात तो असेल, तर उरलेल्या नव्व्याण्णव घरांशी सैन्य कसे वागते यावर निकाल ठरतो. त्या नव्व्याण्णव घरांनी तोंड उघडले नाही, तर कितीही तुकड्या आणल्या तरी त्या अंधारात चाचपडत राहतात.

अमेरिकेने हे इराकमध्ये मोठी किंमत मोजून शिकले. मार्च २००३ मध्ये सुरू झालेल्या स्वारीत अमेरिकी सैन्य तीन आठवड्यांत बगदादमध्ये पोहोचले. पुढे काय करायचे याची तयारी मात्र नव्हती. मे महिन्यात इराकी सैन्यच बरखास्त करण्यात आले. लाखो प्रशिक्षित माणसे पगाराविना घरी गेली आणि त्यांतील अनेक जण बंडखोरांना जाऊन मिळाले. अखेर नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने लेखी निर्देश काढून स्थैर्य मोहिमांना लढाईइतकेच महत्त्व दिले. तोपर्यंत अडीच वर्षे गेली होती.

साताऱ्याला हे नवीन का नाही?

कारण साताऱ्याने हे दुसऱ्या बाजूने पाहिले आहे. आजचा सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. १९४२ च्या आंदोलनात तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघत होते. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात गोळ्या चालल्या. सरकारचा हिशेब असा होता, की या धड्यानंतर जिल्हा थंड होईल.

झाले उलटे. मोर्चे थांबले आणि चळवळ भूमिगत झाली. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले, तेच लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’. तुफान सेना ही त्याची लढाऊ बाजू. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली गेली. या गोष्टी पोवाड्यांतून घरोघरी पोहोचल्या. इंग्रज सरकारला जास्त जड गेली ती मात्र न्यायदान मंडळे. जमिनीचा, देण्याघेण्याचा तंटा गावातच सुटू लागला, गावगुंडांना शिक्षा होऊ लागल्या, कमी खर्चात लग्ने लागू लागली. मामलेदाराच्या कचेरीत जायची गरजच लोकांना वाटेना. नाना पाटील यांच्यावर बक्षीस लावूनही ते सापडले नाहीत. १९४६ मध्ये ते स्वतःहून उघडपणे वावरू लागले, तोवर त्यांना गावोगाव भाकरी मिळत होती आणि कुणी पत्ता सांगत नव्हते.

याच काळात याच भागातील पोरे मराठा पलटणींतून इटलीच्या डोंगरांत लढत होती. साताऱ्याजवळील अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागते. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान कामी आले होते. सैन्यात जाण्याची परंपरा आणि सत्तेला न जुमानता माणसाला लपवण्याची परंपरा, दोन्ही एकाच मातीतल्या. वडूजच्या गोळीबाराने काय साधले, या प्रश्नाचे उत्तर इथल्या माणसाला पुस्तकात शोधावे लागत नाही.

भारतीय लष्कर हे काम कुठे शिकले?

आधी ईशान्येत. मार्च १९६६ मध्ये मिझो टेकड्यांत उठाव झाला. सरकारने कठोर उपाय योजले. ऐझॉलवर हवाई हल्ले झाले, पुढच्या वर्षापासून खेडी उठवून रस्त्यालगतच्या वसाहतींत एकत्र केली गेली. बंडखोरांची रसद तोडण्यासाठी हे केले होते, पण शेती आणि घरदार सुटलेल्या लोकांच्या मनात त्याची सल दीर्घकाळ राहिली. शांतता आली ती ३० जून १९८६ च्या मिझो कराराने. त्याच मिझोराममध्ये वैरेंगटे येथे १९७० पासून लष्कराची बंडखोरीविरोधी आणि जंगल युद्धाची शाळा आहे. गनिमाशी गनिमासारखे लढा, हे तिचे ब्रीद जगभर प्रसिद्ध झाले आणि परदेशी सैनिकही तिथे शिकायला येऊ लागले.

श्रीलंकेत १९८७ मध्ये हे शिक्षण अपुरे पडले. भारतीय शांतिसेना करार राबवायला गेली आणि काही आठवड्यांत, ऑक्टोबरमध्ये, ‘एलटीटीई’शी लढू लागली. तमिळ जाणणारे कमी, नकाशे अपुरे, कालपर्यंत ज्यांच्याशी बोलणी सुरू होती तेच आज समोर बंदूक रोखून. १९९० च्या मार्चमध्ये सेना परतली तोवर अकराशेहून अधिक सैनिक गमावले होते.

त्याच वर्षी राष्ट्रीय रायफल्सची स्थापना झाली. हे केवळ अंतर्गत सुरक्षेसाठी उभारलेले दल आहे. आज त्याच्या साठहून अधिक बटालियन आहेत. साध्या पायदळ बटालियनमध्ये चार रायफल कंपन्या असतात, राष्ट्रीय रायफल्समध्ये सहा. जड शस्त्रे कमी आणि माणसे जास्त, कारण काम पायी फिरण्याचे आहे. यातील खरी मेख मात्र वेगळी. नेहमीची पलटण दोन-तीन वर्षांनी बाडबिस्तरा गुंडाळून दुसऱ्या राज्यात जाते. राष्ट्रीय रायफल्सची बटालियन सहसा आपल्या भागातच राहते, माणसे तेवढी आपापल्या मूळ रेजिमेंटमधून ठरावीक मुदतीसाठी येतात आणि परत जातात. कोणत्या गावात कोणता वाद जुना आहे, कोणता ओढा रात्री ओलांडता येतो, कोणाचा शब्द चालतो, हे ज्ञान त्यामुळे पलटणीकडे साठत जाते.

प्रत्यक्ष प्रशिक्षणात काय असते?

मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये घडतो. तिथे कवायत, धावणे, नेमबाजी, शस्त्र उघडणे-जोडणे आणि हुकूम पाळणे हे अंगात भिनवले जाते. लक्ष्य दिसले की हात आपोआप उठला पाहिजे, यासाठीच सारा खटाटोप. काश्मीरला जायची वेळ येते तेव्हा त्यातील काही भाग पुन्हा सैल करावा लागतो.

खोऱ्यात जाणाऱ्या तुकड्या आधी बॅटल स्कूलमध्ये काही आठवडे घालवतात. काश्मीर खोऱ्यासाठी अशी शाळा ख्रू येथे आहे. गावाच्या प्रतिकृतीत घेराव आणि झडतीचा सराव होतो. फायरिंग रेंजवर अचानक उभ्या राहणाऱ्या फळ्यांपैकी काही बंदूकधाऱ्याच्या असतात, काही निःशस्त्र माणसाच्या. सेकंदभरात फरक ओळखायचा. निःशस्त्र फळीला भोक पडले, तर नेम कितीही अचूक असला तरी तो चुकलाच. रस्त्यात पुरलेले स्फोटक कसे ओळखायचे, जखमी सोबत्याला कसे हलवायचे, रात्री दबा धरून तासन् तास हालचाल न करता कसे बसायचे, हेही असतेच.

याला जोडून येतो कायदा. सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा (अफ्स्पा) अशांत क्षेत्रात लष्कराला इशारा देऊन गोळीबार करण्याचे, वॉरंटविना झडती आणि अटक करण्याचे अधिकार देतो. हा कायदा १९५८ चा; जम्मू-काश्मीरमध्ये १९९० पासून त्याच धर्तीचा स्वतंत्र कायदा लागू. १९५८ च्या कायद्यातील पाचवे कलम सांगते, की पकडलेल्या माणसाला कमीत कमी विलंबाने जवळच्या पोलीस ठाण्याच्या ताब्यात द्यायचे. सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९९७ च्या निकालात हा कायदा वैध ठरवला, पण लष्कराने स्वतःच तयार केलेली ‘काय करावे, काय करू नये’ ही यादी जवानांवर बंधनकारक असल्याचेही बजावले. शक्यतो स्थानिक प्रशासनाच्या प्रतिनिधीला बरोबर घ्या, महिला पोलिसांशिवाय महिलांची झडती घेऊ नका, मारहाण करून माहिती काढू नका, मालमत्तेचे नुकसान करू नका, आवश्यक तेवढेच बळ वापरा, असे त्या यादीत आहे. जवानाला ही यादी तोंडपाठ असावी लागते.

पाठांतराने भागते का? पूर्णपणे नाही. अंधाऱ्या रस्त्यावर थांबण्याचा इशारा दिल्यावरही गाडी वेग कमी करत नाही, तेव्हा नाक्यावर कर्नल हजर नसतो, असतो एखादा नाईक किंवा हवालदार. ब्रेक खराब आहे, ड्रायव्हर घाबरला आहे की गाडीत स्फोटके आहेत, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते. म्हणून या कामात जुन्या सुभेदार-हवालदारांची किंमत मोठी. एक गोष्ट मात्र सातारी पोराला शिकवावी लागत नाही. उभ्या पिकातून गस्त नेली तर शेतकऱ्याला काय वाटते, हे खटाव-माणच्या कोरडवाहू शेतात वाढलेल्याला घरूनच माहीत असते.

गोळीशिवाय काम होते, याचे उदाहरण आहे?

आहे, आणि ते शेजारच्याच कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावच्या माणसाचे आहे. १९५३ मध्ये कोरियन युद्धाचा शस्त्रसंधी झाला. मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक चिनी आणि कोरियन युद्धकैद्यांना सांभाळायला कुणीतरी तटस्थ हवे होते. ती जबाबदारी भारताकडे आली. जनरल थिमय्या आयोगाचे अध्यक्ष झाले आणि प्रत्यक्ष कैद्यांची राखण करणाऱ्या ‘कस्टोडियन फोर्स’चे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दलात सुमारे सहा हजार भारतीय जवान होते. कैद्यांच्या आत दोन राजकीय तट होते, बाहेर दोन महासत्तांचे गट पाहत होते आणि कुणालाच भारताविषयी फारसा विश्वास नव्हता.

सप्टेंबरमध्ये कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरले. बाहेर मशीनगन तयार होत्या. थोरात निःशस्त्र आत गेले, भडकलेल्या जमावाशी बोलत राहिले आणि आपल्या अधिकाऱ्याला सोडवून घेऊन बाहेर आले. पुढे काही दिवसांनी कैद्यांनी कुंपण मोडण्याचा प्रयत्न केला तेव्हा गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले, हेही नोंदवले पाहिजे. पण अत्यंत स्फोटक परिस्थितीत हे दल आपली तटस्थता आणि संयम टिकवून १९५४ मध्ये परतले. पुढील दशकांत संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत भारताला मागणी राहिली. २००० पासून त्यासाठी दिल्लीत स्वतंत्र प्रशिक्षण केंद्रही आहे.

तयारी कमी पडली तर काय होते?

४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंग गावाजवळ लष्कराच्या विशेष दलाने दबा धरला होता. खबर दहशतवाद्यांची होती. पिकअप गाडीतून आले कोळशाच्या खाणीवरून घरी परतणारे मजूर. सहा जण ठार झाले. त्यानंतर उसळलेल्या हिंसेत आणखी नागरिक आणि एक जवान मरण पावला, नागरिकांची संख्या दोन दिवसांत १४ वर गेली. दल होते २१ पॅरा, म्हणजे १९९६ पूर्वीची २१ मराठा लाइट इन्फन्ट्री. कर्नल महाडिक १९९८ मध्ये याच युनिटमध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले होते. शौर्याची मोठी परंपरा असलेल्या, उत्तम प्रशिक्षित दलाकडूनही चुकीच्या खबरीवर काय घडू शकते, हे त्या रात्री दिसले. नागालँड पोलिसांनी ३० जवानांविरुद्ध आरोपपत्र ठेवले. केंद्राने खटल्याला मंजुरी नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते प्रकरण बंद झाले. ओटिंगच्या कुटुंबांसाठी ते संपले, असे म्हणणे कठीण आहे.

दुसरा धोका रागाचा. २१ डिसेंबर २०२३ रोजी पूंछ जिल्ह्यात लष्कराच्या वाहनांवर हल्ला होऊन चार जवान शहीद झाले. दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी उचललेल्या गावकऱ्यांपैकी तीन जणांचा मृत्यू झाला. लष्कराने चौकशी लावली. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी राजौरीला जाऊन, लोकांची मने जिंकणे हीही सैन्याची जबाबदारी असल्याची आठवण जवानांना करून दिली. याच भागाबाबत एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. २०२० मध्ये चीनशी तणाव वाढल्यावर जम्मू भागातील राष्ट्रीय रायफल्सचे एक अख्खे फोर्स मुख्यालय आणि त्याच्या तुकड्या लडाखला हलवल्या गेल्या. पुढच्या वर्षापासून पूंछ-राजौरीच्या जंगलांत हल्ले वाढत गेले. हे एकमेव कारण नाही, पण सैन्य निघून गेले की त्याच्याबरोबर गावांशी जमलेला परिचयही निघून जातो आणि तो परत यायला वर्षे लागतात.

याउलट मणिपूर. २४ जून २०२३ रोजी इथम गावात लष्कराने १२ बंडखोर पकडले. त्यांपैकी एक जण २०१५ च्या डोग्रा पलटणीवरील हल्ल्याचा सूत्रधार मानला जात होता. बाराशे ते पंधराशेचा जमाव जमला, पुढे महिला. तिथल्या अधिकाऱ्याने बारा जण स्थानिक नेत्याकडे सोपवले आणि तुकडी बाहेर काढली. जप्त केलेली शस्त्रे तेवढी बरोबर आणली. समाजमाध्यमांवर या निर्णयाची टिंगल झाली. त्या दिवशी गोळीबार झाला असता तर मृतदेह महिलांचे असते आणि आधीच पेटलेल्या मणिपूरमध्ये पुढे काय झाले असते, याची कल्पना वडूजचा इतिहास माहीत असलेल्याला सहज करता येईल.

शाळा आणि दवाखाने चालवणे लष्कराचे काम आहे का?

लष्कर १९९८ पासून काश्मीरमध्ये ‘सद्भावना’ मोहीम राबवते. गुडविल शाळा, वैद्यकीय शिबिरे, पूल, मुलांच्या सहली असे तिचे स्वरूप आहे. स्थानिक तरुणांना शिक्षण, खेळ आणि रोजगाराकडे वळवण्याचे कर्नल महाडिक यांचे प्रयत्न त्यांच्या निधनानंतर अनेकांनी आवर्जून सांगितले. याचा उपयोग होतो, पण मर्यादाही आहे. तलाठ्याने, तहसीलदाराने, सरकारी डॉक्टरने करायची कामे वर्षानुवर्षे गणवेशातील माणूस करू लागला, तर नागरी प्रशासन उभेच राहत नाही. म्हणून प्रत्येक चांगल्या स्थैर्य मोहिमेत सैन्याने हळूहळू अनावश्यक व्हायचे असते.

सांगलीकरांनी याची छोटी आवृत्ती पाहिली आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली, तेव्हा जिल्ह्यात लष्कराच्या बोटी फिरत होत्या. पाण्यातून बाहेर काढलेल्या महिला जवानांच्या पाया पडत असल्याची चित्रे सगळ्यांच्या मोबाइलवर होती. राखीपौर्णिमेला अनेकींनी त्यांना राख्या बांधल्या. पाणी ओसरले, सैन्य गेले, पंचनामे तलाठ्यांनी केले. काश्मीर किंवा मणिपूरमध्ये हे जाणे इतके सोपे नसते.

अग्निवीर योजनेने काय बदलेल?

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार नवा जवान चार वर्षांसाठी दाखल होतो. त्यात प्रशिक्षणाचाही काळ धरलेला आहे. मुदत संपल्यावर २५ टक्क्यांपर्यंत जवानांना कायम केले जाते. सैन्य तरुण राहील, तंत्रज्ञान लवकर आत्मसात करेल, हा सरकारचा युक्तिवाद आहे. युद्धाच्या दृष्टीने त्यात तथ्य असू शकते.

स्थैर्य मोहिमेचा हिशेब मात्र निराळा आहे. सहा-सात महिने बेळगावात, मग मूळ पलटणीत रुळण्याचा काळ, मग राष्ट्रीय रायफल्सची मुदत, त्यात सुट्ट्या. गावातील माणसे ओळखू येऊ लागतात, कोण खरे बोलतो आणि कोण जुना हिशेब चुकवण्यासाठी शेजाऱ्याचे नाव देतो हे कळू लागते, तोवर जाण्याची वेळ येते. नाक्यावर दोन-तीन सेकंदांत निर्णय घेणारा नाईक हा पूर्वी सात-आठ वर्षे मुरलेला असे. यापुढे त्या जागेसाठीची निवड कायम झालेल्या त्या २५ टक्क्यांमधूनच होईल. हे प्रमाण वाढवावे, अशी मागणी काही निवृत्त अधिकाऱ्यांनी सातत्याने केली आहे.

अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला बेळगावसह देशभरातील केंद्रांत दाखल झाली. तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांत त्यातील बहुतेक जण पंचविशीच्या आत घरी परततील.